आरसी मॉडेलमधली खोली रात्री लवकर का गार पडते?

दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी मला तोच आलेख पाठवतं. त्यात खोलीच्या तापमानाच्या दोन रेषा असतात, निळी सेन्सरची आणि लाल आरसी मॉडेलची, म्हणजे खोलीला रेझिस्टन्स (आर) आणि कपॅसिटन्स (सी) यांचं विजेचं सर्किट मानून केलेल्या गणिताची. दुपारपर्यंत दोघी बऱ्यापैकी जोडीनं चालतात. सूर्य मावळला की लाल रेषा घसरगुंडीवर बसवल्यासारखी खाली येते, आणि निळी रात्री अकरापर्यंत जागची हलत नाही. खाली प्रश्न ठरलेला: "सर, आर वाढवू की सी?"

बहुतेक वेळा माझं उत्तर असतं, तूर्त दोन्हींना हात लावू नका. आकडे ठीकच असतात, सर्किटची जोडणी चुकलेली असते. उष्णता खरी जिथून शिरते तिथून मॉडेलमध्ये शिरत नाही आणि खरी जिथे साठते तिथे साठत नाही. अशा सर्किटला कितीही ट्यून केलं तरी एप्रिलमध्ये जुळलेलं मॉडेल मे महिन्यात परत बिघडतं.

उजळणी एका दमात करून टाकू. तापमान म्हणजे व्होल्टेज, उष्णतेचा प्रवाह म्हणजे करंट, भिंतीचा अडथळा म्हणजे रेझिस्टन्स (केल्विन प्रति वॅट), भिंतीची उष्णता धरून ठेवायची ताकद म्हणजे कपॅसिटन्स (ज्यूल प्रति केल्विन). दोघांचा गुणाकार सेकंदात येतो, तो टाइम कॉन्स्टंट. आपण इलेक्ट्रिकलकडून उसनं घेतोय असं वाटतं, पण मुळात उसनवारी उलटी झाली होती. फूरिएचा उष्णतेवरचा ग्रंथ १८२२ चा. ओहमनं त्यातलीच कल्पना तारेतल्या विजेला लावली आणि १८२७ मध्ये आपला नियम छापला.

उदाहरणाला आमच्या नागपूरच्या घरातली वरच्या मजल्यावरची खोली घेतो, कारण तिची मोजमापं माझ्याकडे आहेत. खोली ४ मीटर बाय ३ मीटर, उंची ३ मीटर. वर पाच इंची स्लॅब, त्यावर सरासरी १०० मिलिमीटर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर). एक बाहेरची नऊ इंची विटांची भिंत, तिच्यात १.८ चौरस मीटरची खिडकी. बाकीच्या भिंतींपलीकडे खोल्याच आहेत.

आधी पाच मिनिटांच्या तपासण्या

सगळ्या सीमा (बाहेरची हवा, शेजारच्या खोल्या) ३० अंशांवर ठेवा, सूर्य, माणसं, एसी सगळं शून्य करा, सुरुवातीचं तापमानही ३० द्या आणि मॉडेल दोन दिवस पळवा. प्रत्येक नोड (सर्किटमधला एकेका तापमानाचा बिंदू) ३० वरच राहिला पाहिजे. हलला तर कुठेतरी चिन्ह उलटं आहे, किंवा एखादा रेझिस्टन्स एका बाजूच्या समीकरणात लिहिलाय आणि दुसऱ्या बाजूच्या विसरलाय. मला येणाऱ्या चुकांपैकी बऱ्याचशा इथेच सापडतात, आणि ही तपासणी कुणीच केलेली नसते.

दुसरी तपासणी समीकरणांच्या मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यूंची, म्हणजे मॉडेलमधले बदल किती वेगानं विरतात ते सांगणाऱ्या आकड्यांची. उष्णतेच्या सर्किटमध्ये इंडक्टर नसतो. उष्णतेला जडत्व नाही, ती स्वतःहून पुढे-मागे झुलत नाही. त्यामुळे साध्या आरसी जाळ्याच्या सगळ्या आयगेन व्हॅल्यू वास्तव आणि ऋण असायला हव्यात. थर्मोस्टॅट नसताना आलेख करवतीसारखा दातेरी दिसला, तर दोष घराचा नाही, गणिताचा आहे.

हा दातेरी प्रकार बहुधा हवेच्या नोडमुळे होतो. खोलीत ३६ घनमीटर हवा, म्हणजे साधारण ४० किलो. तिचा कपॅसिटन्स जेमतेम ४० किलोज्यूल प्रति केल्विन. ही हवा आतल्या ६६ चौरस मीटर पृष्ठभागांना टेकलेली असते, तिथला कंडक्टन्स (रेझिस्टन्सचा व्यस्त) १८० वॅट प्रति केल्विनच्या आसपास. भागाकार केला की टाइम कॉन्स्टंट येतो पावणेचार मिनिटं. साध्या ऑयलर पद्धतीत (आत्ताच्या किमतीवरून थेट पुढची काढणाऱ्या) वेळेची पायरी याच्या दुपटीपेक्षा मोठी चालत नाही. मुलं घेतात १५ मिनिटं, कारण हवामानाचा डेटा तसा असतो. मग आकडे फुटतात, आणि फुटू नयेत म्हणून कुणीतरी हवेचा कपॅसिटर शंभरपट करून ठेवतं. थोडं वाढवणं समर्थनीय आहे, कारण फर्निचर, गाद्या, कपडे हवेबरोबरच तापतात; तीन ते पाचपट करणारे पुष्कळ आहेत. शंभरपट म्हणजे मात्र अख्ख्या खोलीचं दगडी बांधकाम हवेत टांगल्यासारखं. त्यापेक्षा इम्प्लिसिट पद्धत (पुढची किंमत समीकरण सोडवून काढणारी) वापरा, पायथनमध्ये एका ओळीचा फरक आहे.

एककं बघाच. एक किलोवॅट-तास म्हणजे ३.६ मेगाज्यूल. सेकंद आणि तास एकाच समीकरणात मिसळले की टाइम कॉन्स्टंट ३६०० पट चुकतो. ही चूक निदान लगेच दिसते, म्हणून मला तिचा राग येत नाही.

राग येतो वेळेच्या चुकीचा. उपग्रह किंवा रीअॅनालिसिसचा (जुनी निरीक्षणं हवामान मॉडेलमध्ये घालून तयार केलेला) डेटा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असतो, आपला सेन्सर भारतीय वेळेत. साडेपाच तासांचा फरक. ओळी सरकवताना कुणी पाच घरं सरकवतं, कुणी सहा, कारण ताशी डेटात साडेपाच ओळी सरकवता येत नाहीत. त्यात इआरए५ या युरोपीय रीअॅनालिसिसमधलं सूर्याचं प्रारण मागच्या एका तासाची बेरीज म्हणून येतं, ज्यूल प्रति चौरस मीटरमध्ये. ३६०० नं भागायचं, आणि किंमत तासाच्या शेवटाची नसून मध्याची धरायची. पडताळणी सोपी आहे. मे महिन्यात नागपूरला सूर्य डोक्यावर येतो सव्वाबाराच्या जरा आधी, मुंबईला साडेबाराच्या आसपास. निरभ्र दिवसाचा प्रारणाचा आलेख काढा, शिखर तिथे येतंय का बघा. येत नसेल तर पुढचं काहीही करू नका.

आता खरं दुखणं: छत

वरच्या खोलीत रात्रीचा उकाडा छतातून येतो, हे नागपुरातल्या कुणाही आजीला माहीत आहे. मॉडेलला ते कळत नाही, कारण आपण छताला एक रेझिस्टन्स आणि एक कपॅसिटर देऊन मोकळे होतो.

आकडे घालून बघू. कोब्याचा कपॅसिटन्स बारा चौरस मीटरला साधारण १.८ मेगाज्यूल प्रति केल्विन, स्लॅबचा ३.२. मिळून पाच. हवेच्या सव्वाशे पट. रेझिस्टन्स बघितला तर बाहेरचा पृष्ठभाग ०.०४, कोबा ०.१२५, काँक्रीट ०.०८३, प्लास्टर ०.०१७ आणि आतला पृष्ठभाग (उष्णता खाली येत असताना) ०.१७ चौरस मीटर केल्विन प्रति वॅट. बेरीज ०.४३५, म्हणजे यू-व्हॅल्यू (एका चौरस मीटरमधून अंशामागे जाणारे वॅट) २.३. घरांसाठीच्या ऊर्जा-बचतीच्या इको निवास संहितेत छताला कमाल १.२ ची मर्यादा आहे. जुनी घरं त्याच्या जवळपास दुपटीवर आहेत.

नागपूरच्या मे महिन्यात भर दुपारी हवा ४३ अंश, प्रारण ९५० वॅट प्रति चौरस मीटर. काळपटलेला कोबा त्यातलं ६५ टक्के शोषतो असं धरा. बाहेरच्या पृष्ठभागाचा गुणांक २० धरला तर ऊन ३१ अंशांची भर घालतं. आकाशाकडे जाणाऱ्या दीर्घ लहरींचे चार अंश वजा करा. सोल-एअर तापमान, म्हणजे ऊन आणि आकाश धरून छताला जाणवणारं बाहेरचं तापमान, येतं ७०. रात्री उलट, हवा ३० असेल तर छताला 'दिसणारं' तापमान २६. मॉडेलमध्ये छताचा बाहेरचा व्होल्टेज सोर्स हा ७० ते २६ असा झुलायला हवा. कित्येक मॉडेलांत तिथे नुसतं हवेचं तापमान जोडलेलं असतं आणि छतावरचं ऊन विसरलेलं असतं. मग तूट भरून काढायला ऑप्टिमायझर (किमती आपोआप जुळवणारा प्रोग्रॅम) खिडकीचं ऊन फुगवतो.

आता मुख्य मुद्दा. रोजच्या चक्राला एक कपॅसिटर जास्तीत जास्त ९० अंशांचा, म्हणजे सहा तासांचा विलंब देऊ शकतो. तोही तेव्हा, जेव्हा लाटेची उंची शून्याला टेकते. विलंब वाढवायचा तर उंची गमवायची, दुसरा मार्ग नाही. वर दिलेले आकडे घेऊन, आतली हवा स्थिर धरून, मी छताचा विलंब काढला. सगळा कपॅसिटन्स मध्यावर एका नोडमध्ये ठेवला तर ४.८ तास. कोबा आणि स्लॅब वेगळे केले तर ६.३ तास. स्लॅबचे आणखी दोन तुकडे केले तर ६.७ तास. सोल-एअरचं शिखर एकच्या सुमाराला असतं. आमच्या छताला आतून चिकटवलेला सेन्सर सर्वाधिक तापमान दाखवतो रात्री पावणेआठ ते आठच्या दरम्यान. म्हणजे एका कपॅसिटरचं मॉडेल छताचं शिखर दोन तास आधीच आणतं, आणि कुठलाही आर, कुठलाही सी घेतला तरी ते आठपर्यंत पोहोचणार नाही.

कारण भौतिक आहे. काँक्रीटमध्ये रोजची उष्णतेची लाट साधारण १४ सेंटिमीटर खोलवर जाऊन ३७ टक्क्यांवर येते. आपलं छत साडेबावीस सेंटिमीटरचं. वरचा भाग गार व्हायला लागला तेव्हा खालचा अजून तापत असतो. दोघांना एकच तापमान देणं म्हणजे दोन भावांचा एकच सातबारा काढण्यासारखं. कागदावर सोयीचं, प्रत्यक्षात भांडण.

म्हणून छताला दोन कपॅसिटर द्याच, जमलं तर तीन. प्रत्येक थराचा रेझिस्टन्स अर्धा-अर्धा करून कपॅसिटरच्या दोन्ही बाजूंना ठेवा. दोन कपॅसिटरांची आमच्या खोलीची साखळी अशी होते: सोल-एअरपासून कोब्यापर्यंत ०.००८५ केल्विन प्रति वॅट, कोब्यापासून स्लॅबपर्यंत ०.००८७, स्लॅबपासून खोलीपर्यंत ०.०१९. दहा नोड करणारेही भेटतात. काही बिघडत नाही, पण मग मोजमापांशी जुळवताना ठरवायच्या किमती दहापट होतात आणि त्यातली एकही विश्वासाची राहत नाही.

इथे एक तक्रार. बरेच जण आयएसओ १३७९० मधलं पाच रेझिस्टन्स आणि एक कपॅसिटरचं मॉडेल जसंच्या तसं उचलतात. २००८ चं ते मानक, २०१७ मध्ये आयएसओ ५२०१६-१ नं त्याची जागा घेतली. मॉडेल वाईट नाही. पण ते युरोपातल्या घरांना शोभतं, जिथे बाहेरून इन्सुलेशनचा वेगळा थर असतो आणि जड भिंत आतल्या बाजूला. अडवणारा वेगळा, साठवणारा वेगळा. आपल्या स्लॅबमध्ये जो थर उष्णता अडवतो तोच ती साठवतो. तिथे एका कपॅसिटरवर भागत नाही.

खिडकीतलं ऊन हवेत टाकू नका

छत दुरुस्त करूनही लाल रेषा सूर्यास्ताबरोबर कोसळत असेल, तर खिडकीतून येणारं ऊन तुम्ही हवेच्या नोडवर दिलेलं आहे. ५०० वॅट थेट हवेत सोडले तर १८० वॅट प्रति केल्विनच्या हिशेबानं खोली काही मिनिटांत पावणेतीन अंशांनी चढते आणि ढग आला की तितकीच उतरते. खऱ्या खोलीत ऊन हवेला तापवत नाही, फरशीला तापवतं. फरशी मग रात्री दहापर्यंत ते परत करत राहते. उन्हाचा करंट सोर्स फरशी आणि भिंतींच्या नोडवर द्या. माणसं, दिवे, टीव्ही यांची उष्णता अर्धी हवेला आणि अर्धी पृष्ठभागांना, एवढं ढोबळ पुरतं.

त्याच जोडीची एक चूक आतल्या भिंतींची. पलीकडे खोलीच असेल तर त्या भिंतीला बाहेरच्या तापमानाशी जोडू नका. पलीकडची खोली साधारण तशीच तापत असेल तर भिंतीच्या मध्यातून उष्णता जातच नाही. अर्धी भिंत आपली, अर्धी शेजारची. कपॅसिटन्स घ्या, रेझिस्टन्स बाहेर नेऊ नका. आमच्या खोलीत असं सगळं मोजलं तर एकूण कपॅसिटन्स १३ मेगाज्यूल प्रति केल्विनच्या घरात जातो, आणि बाहेरच्या हवेशी कंडक्टन्स फक्त ६३ वॅट प्रति केल्विन. भागाकार दोन दिवसांच्या वर. म्हणजे या खोलीला एक घड्याळ चार मिनिटांचं आणि एक दोन दिवसांचं आहे. १आर१सी (एकच आर, एकच सी) बसवणाऱ्याला सहा-सात तासांचा आकडा मिळतो, तो दोन्हींपैकी कुणाचाच नसतो.

खिडकी, कूलर आणि एसी

आपल्याकडे रात्री खिडक्या उघडतात, त्यामुळे वायुवीजनाचा रेझिस्टन्स दिवसभर एकच असू शकत नाही. या खोलीत तासाला एकदा हवा बदलली तर कंडक्टन्स ११ वॅट प्रति केल्विन. दिवसा बंद खोलीत अर्धा बदल धरला तर साडेपाच, रात्री खिडकी आणि दार उघडं ठेवून दहा बदल धरले तर ११०. वीसपट. सर्किटमध्ये तिथे स्विच हवा. खिडकी केव्हा उघडली हे कुणी लिहून ठेवत नाही. दारावर मिळतो तसा चुंबकाचा स्वस्त सेन्सर लावा, बरेच वाद मिटतात.

कूलरचं प्रकरण विदर्भ-मराठवाड्यात हमखास. मुलं त्याला एसीसारखा ऋण करंट सोर्स करतात, आणि मग तो खोलीला पंधरा अंशांपर्यंत गार करत सुटतो. कूलर उष्णता खेचून बाहेर फेकत नाही, तो गार केलेली बाहेरची हवा आत लोटतो. म्हणजे तो व्होल्टेज सोर्स आहे, एका छोट्या रेझिस्टन्सच्या वाटेनं जोडलेला. बाहेर ४३ अंश, ओल्या फडक्याचं तापमान (पाणी वाळून हवा जास्तीत जास्त जिथवर गार होते ते) २३, पॅडची कार्यक्षमता ७५ टक्के, तर कूलरची हवा २८ अंशांची. तासाला ३००० घनमीटर वारा असेल तर कंडक्टन्स ९०० वॅट प्रति केल्विनच्या वर. बाकी सगळ्या भिंती त्याच्यापुढे किरकोळ. पॅड कोरडे पडले, टाकी संपली की व्होल्टेज ४३ वर जातं, हेही मॉडेलमध्ये आपोआप येतं.

एसीला करंट सोर्स चालतो, पण मीटरवरचे वॅट म्हणजे काढलेली उष्णता नव्हे. सीओपीनं (एका वॅट विजेमागे किती वॅट उष्णता निघते तो आकडा) गुणायचं, आणि दमट हवेत त्यातला काही भाग पाणी गाळण्यात जातो तो वजा करायचा. कोकणात हा भाग दुर्लक्षण्याजोगा नसतो.

मोजमापांशी जुळवताना

जोडणी नीट झाल्यावरच ऑप्टिमायझर सोडा. आणि एक गोष्ट कागदावर लिहून पटवून घ्या: खोलीला फक्त बाहेरच्या तापमानाचा धक्का मिळत असेल, तर समीकरणात आर आणि सी नेहमी गुणाकारातच येतात. आर दुप्पट आणि सी निम्मा केला तरी आलेख तोच. वेगळे करायचे तर ठाऊक असलेले वॅट खोलीत सोडावे लागतात. मी डिसेंबरमध्ये, खोली रिकामी करून, रात्रभर एक हीटर मीटर लावून चालवतो. मे महिन्यात हे करायला सांगितलं तर घरचे घराबाहेर काढतील. आणि ज्या घरात एसी दिवसरात्र २४ वर असतो, त्या डेटातून सी शोधणं म्हणजे वाळूचे कण रगडणं. तापमान हललंच नाही तर कपॅसिटर बोलणार कसा?

सेन्सरही तपासा. डीएस१८बी२० या तापमानाच्या सेन्सरची अचूकता अर्ध्या अंशाची, त्यामुळे ०.२ अंशांच्या चुकीसाठी रात्र जागवू नका. तापमानाचा सेन्सर वायफायच्या बोर्डाला चिकटवलेला असेल तर तो बोर्डाचा ताप मोजतो. भिंतीवर टेपनं लावला असेल तर भिंतीचा.

मग चुकीचा आलेख काढा, मोजलेलं वजा मॉडेल, आणि तो तासानुसार रचा. तापमानाचे दोन आलेख एकावर एक ठेवून डोळ्यांना जे दिसत नाही ते इथे दिसतं. दुपारी फुगवटा असेल तर ऊन चुकलंय, पहाटे असेल तर आकाशाचे चार अंश किंवा खिडकीचा स्विच, दिवसभर एकसारखं सरकलेलं असेल तर सेन्सर.

आमच्या खोलीत हे सगळं केल्यावरही एक खोड उरली होती. रोज संध्याकाळी साडेसहानंतर गच्चीवरच्या सेन्सरचं तापमान मॉडेलपेक्षा झपाट्यानं पडायचं, आणि रात्री दहाच्या पुढे छत आतूनही मॉडेलपेक्षा गार निघायचं. पहिल्यांदाच लाल रेषा निळीच्या वर. मी आकाशाच्या तापमानाशी आठवडाभर झटलो. वाऱ्याचा गुणांक बदलून पाहिला. काही दिवस खोड गायब असायची, त्या दिवशी ढगही नसायचे आणि वाराही नसायचा. शेवटी तारखा घेऊन आईला विचारलं, या दिवशी काय वेगळं होतं? ती म्हणाली, "त्या दिवशी नळ आले नव्हते रे, गच्चीवर पाणी कुठून मारणार?"

ती रोज दोन बादल्या मारायची. तीस लिटर, त्यातलं काही पन्हाळीतून वाहून जातं. वीस लिटर जरी वाळलं तरी ४८ मेगाज्यूल. ही सगळी उष्णता छतातून निघाली असती तर ते नऊ-दहा अंशांनी उतरलं असतं. काही वाटा गरम हवा उचलते, त्यामुळे प्रत्यक्षात कमी. कोब्याच्या वरच्या नोडवर साडेसहा ते साडेआठ एक ऋण करंट सोर्स जोडला आणि त्याचा आकार डेटातून काढला, तो निघाला एकूण बाष्पीभवनाच्या साधारण निम्मा. आता आई गच्चीवरून खाली आली की फोनवर मला एवढंच कळवते, "आज दोन बादल्या."